शेगडीमागची भिंत

"आयला, इथं तर स्वयंपाक चाललाय!"

ड्रायव्हरनं गाडी गोदामाच्या भिंतीला लावली आणि उतरायच्या आधीच खिडकीतून मान बाहेर काढली. त्याचा जोडीदार राखाडी तोवर मागे चढून रंगाचा मोठा डबा ओढत होता. भिंतीवर काय काढलंय हे तो आधी बघत नसे. आधी डबा, मग बादली, मग शिडी आणि सगळ्यात शेवटी भिंत, हा त्याचा क्रम. भिंत आधी बघितली की हात जड होतो, असं त्याचं म्हणणं होतं.

शहराच्या कार्यालयात भिंती साफ ठेवणारा एक विभाग होता आणि राखाडी त्यातला सगळ्यात जुना माणूस. लोक भिंतींवर काहीबाही करून ठेवत. कुणी शिव्या लिही, कुणी बाणानं आरपार केलेला बदाम काढून त्यात दोन नावं कोंबी. एखाद्याचा हात खरोखरच बसलेला असे आणि तो अख्खी भिंत भरून मासे नाहीतर पक्षी काढून जाई. या सगळ्यावर सरसकट राखाडी रंगाचे दोन हात बसत. विभागाला दुसरा रंग मिळतच नसे. तो रंग त्याच्या नखांत, भुवयांत आणि बुटांवर इतका मुरला होता की लोक त्याला राखाडी म्हणू लागले, आणि पुढे केसही त्याच रंगाचे झाल्यावर तर खरं नाव विचारायचं कुणाला सुचेना. त्याला त्याचं काही वाटत नसे. अलीकडे त्याला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

"अरे, बघ तरी," ड्रायव्हर म्हणाला. "मला भूक लागली राव बघूनच."

राखाडीनं वर बघितलं.

भिंतीवर एक स्वयंपाकघर होतं. चांगलं माणसाच्या उंचीचं, आत पाऊल टाकावं असं. ओटा, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, कोपऱ्यात नळ आणि नळाच्या तोंडाला गळती थांबवायला बांधलेली चिंधी. वर फळी, फळीवर डबे. शेगडीवर एक पातेलं, त्याच्या झाकणाची मूठ गेलेली आणि मुठीच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ स्क्रूनं बसवलेलं. शेगडीमागे भिंतीवर तेला-धुराचा तपकिरी डाग होता. तो सरळ वर न जाता डावीकडे झुकला होता, कारण खिडकी डावीकडे होती.

स्वतःचं घर ओळखायला माणसाला किती वेळ लागावा? राखाडीला बराच लागला. रीळ त्यानंच बसवलं होतं. बायको कितीतरी दिवस चिमट्यानं झाकण उचलत होती आणि "अहो, एवढं मूठ बसवून द्या की," म्हणत होती. एका सुट्टीच्या दिवशी कंटाळून त्यानं हाताला येईल ते बसवलं. ती त्यावर इतकी हसली होती की पुढे नवीन झाकण आणायचं नावच तिनं काढलं नाही.

आता पोटात गोळा यायला हवा होता, निदान हातातला डबा तरी सुटायला हवा होता. तसं काहीच झालं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं त्याचं वर्षभर चाललं होतं. गाल जागेवर आहे हे हात लावून बघावं लागे.

तो भिंतीपाशी गेला. तळवा टेकवला. भिंत उन्हानं तापून कोरडी ठणठणीत झाली होती.

"ओली आहे," तो म्हणाला.

"ओली? पाऊस पडून जमाना झाला."

"आतून ओल आहे. गोदामात पाइप फुटला असणार. आज रंग धरणार नाही."

ड्रायव्हरनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस भिंत सोडून परत निघालेला त्यानं पाहिला नव्हता. पण काम टळलं तर रडणाऱ्यातला तो नव्हता. "तू म्हणशील ते," म्हणत त्यानं शिडी परत गाडीवर टाकली.

चित्र कुणी काढलं हे विचारायची गरजच नव्हती. ते स्वयंपाकघर इतकं बारकाईनं तीनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस गेलं होतं, एक आत्ता गाडीत बसून डब्यांच्या खडखडाटात पुढे चाललं होतं, आणि तिसरी त्याची मुलगी.

तिला लहानपणापासून ठिपकी म्हणत. राखाडी घरी आणलेले ब्रश धुवायला ठेवी आणि ती ते पळवून घरभर ठिपके उठवी. फरशीवर, दारावर, झोपलेल्या बापाच्या टाचेवर. मोठी झाल्यावर ती दुकानांच्या पाट्या रंगवू लागली. अक्षराला तिचा हात असा होता की पुसायच्या धंद्यातल्या बापालाही तिची पाटी दिसली की दोन मिनिटं थांबावंसं वाटे. बाप पुसतो आणि लेक काढते, म्हणून बायको दोघांची टर उडवी. "तुमच्या दोघांचं जमेल कसं?" असं म्हणे, पण जमत होतं. तीच जमवत होती, हे ती गेल्यावर कळलं.

बायको गेली तेव्हा आजारपणसुद्धा धड झालं नाही. ताप आला, उतरला, परत आला, आणि मग दवाखान्यात फक्त न्यायचं काम उरलं. आठवडाभर घर माणसांनी भरलं होतं. मग पाहुणे आपापल्या वाटेनं गेले. ठिपकी एका दुकानाच्या पाटीचं अडलेलं काम उरकायला बाहेर पडली आणि राखाडी स्वयंपाकघरात एकटा उरला.

समोर तो डाग होता. आयुष्यभर बायकोनं त्याच जागी उभं राहून कांदा परतला होता आणि तेवढा सगळा धूर त्या भिंतीनं पिऊन घेतला होता. राखाडी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग उठला, माळ्यावरून विभागाच्या रंगाचा उरलेला डबा काढला आणि भिंतीला रोलर लावला. संध्याकाळी ठिपकी परत आली तेव्हा दुसरा हात वाळत होता. चारही भिंती राखाडी, स्वच्छ, एकसारख्या. काम सफाईदार झालं होतं.

ती दारातच थांबली. तिनं आरडाओरडा केला नाही.

"आईला पुसलंत तुम्ही," एवढंच म्हणाली.

भिंतीवरच्या कशानं कुणाला त्रास झाला की त्यावर रंग मारायचा, हे एकच काम त्याला येत होतं. त्रास त्याला होत होता आणि रंग घरात होता, इतकीच ती गोष्ट होती. पण हे त्याला सांगता आलं नाही. ठिपकी त्या महिन्यात नदीपलीकडे मैत्रिणींच्या खोलीवर राहायला गेली. मधूनच फोन करी. "बरे आहात ना?" "हो." "जेवता ना?" "हो." मग कुणीतरी एक जण फोन ठेवून देई.

त्या संध्याकाळी घरी येऊन राखाडीनं स्वयंपाकघराचं दार उघडलं. ते तो सहसा बंदच ठेवी. चहा आणि अंडी यांच्यापुरती विजेची एक लहान शेगडी त्यानं बाहेरच्या खोलीत मांडली होती. पाव कोपऱ्यावर मिळे. एका माणसाला किती लागतं, असं तो शेजारणीला सांगे आणि ती हळहळून वाटीभर काहीतरी आणून देई.

त्यानं दिवा लावला. चित्रातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून हे बघू लागला. ओटा तोच, फळी तीच, रिळाचं झाकण वरच्या फळीवर धूळ खात पडलेलं. मग त्याची नजर शेगडीमागे गेली आणि तो वाकला.

राखाडी रंगातून पिवळा वर येत होता. फार नाही. चहा सांडलेला कपडा धुतल्यावर राहतो तेवढाच. पण खाली रुंद, वर निमुळता आणि डावीकडे झुकलेला.

तेलकट भिंत आधी सोड्याच्या पाण्यानं धुवायची, हे रंगाऱ्याच्या हाताखाली पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही सांगतात. नाहीतर वर कितीही हात मारा, तेल आपलं दडून बसतं आणि सावकाश वर येतं. राखाडीनं स्वतः कित्येकांना यावरून फैलावर घेतलं होतं. आणि स्वतःच्या घरी त्यानं सोडा लावला नव्हता. विसरला होता, की मुद्दाम लावला नव्हता? त्यानं खूप आठवून पाहिलं. तो दिवसच त्याला नीट आठवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मुकादम स्वतः त्याच्या खुर्चीपाशी आला. वयानं राखाडीच्या धाकट्या भावासारखा, पण हुद्द्यानं साहेब.

"काय रे राखाडी, त्या गोदामाच्या भिंतीची ओल अजून गेली नाही?"

"नाही गेली, साहेब."

"मी आत्ता तिथूनच आलोय. चांगली कोरडी आहे भिंत. आणि तिथं काय चाललंय माहितीये का? हमाल लोक डबे घेऊन जेवायला बसतात समोर. एका बाईनं तर भिंतीला खिळा ठोकून खरी पळी अडकवलीय. गोदामवाला डोकं खातोय, ट्रक उभा करायला जागा नाही म्हणतो. वरून दोनदा फोन आला." मग त्याचा आवाज उतरला. "उद्या सकाळी भिंत व्हायला पाहिजे. तुला जमत नसेल तर तसं सांग. मी फवाऱ्याची गाडी पाठवतो."

फवाऱ्याची गाडी म्हणजे जोराच्या पाण्याचा मारा. तो चित्र झाकत नाही, ओरबाडून काढतो, खालच्या प्लास्टरसकट.

"मीच करतो," राखाडी म्हणाला.

त्या दुपारी तो जेवणाचा डबा घेऊन चालत गोदामापाशी गेला. मुकादम म्हणाला होता तसंच होतं. भिंतीच्या सावलीत पाच-सहा हमाल जेवत होते. "या, बसा," एकानं सरकून जागा दिली. "ओट्याजवळ बसा, तिथं गरम लागतं जेवण." बाकीचे हसले. हा विनोद रोजचा असावा. राखाडीनं डबा उघडला. उकडलेलं अंडं, पाव. समोर शेगडीवर रंगातलं पातेलं होतं, झाकण जरासं सरकलेलं, आणि फटीतून वाफ. तो त्या वाफेकडे बघत पाव चावत राहिला.

जेवणं आटोपून हमाल उठले, तेव्हा रस्ता ओलांडून ठिपकी आली. हातात लहान ब्रश, खांद्याला पिशवी. ट्रकनं घासून ओट्याचा कोपरा उडाला होता तो नीट करायला आली असणार. बापाला बघून थबकली. वर्षभरात ती वाळली होती आणि आईसारखी दिसू लागली होती.

"पुसायला आलात?"

"उद्या."

"म्हणजे उद्या कोणीतरी येणार, की तुम्ही?"

"मी."

ती खाली बसली नाही. ब्रशच्या टोकानं तळहातावर टिचक्या मारत राहिली. मग म्हणाली, "मला आईचा चेहरा नीट आठवेनासा झालाय, बाबा. फोटो बघितला की फोटोच आठवतो. पण हे सगळं आठवतं. ती पाठमोरी असायची ना, म्हणून तिच्या पुढ्यातलं सगळं मला पाठ आहे. तेही जायला लागलं, म्हणून काढून ठेवलं."

"चांगलं काढलंयस."

"चांगलं-वाईट विचारलं नाही मी."

राखाडीनं मान हलवली. मग इतका वेळ मनात अडकलेलं विचारलं. फळीच्या जरा खाली, भिंतीवर चार मळकट ठसे काढले होते, बोटांचे, एकाशेजारी एक. "ते काय आहे?"

ठिपकीनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या घरी राहत होता. "तुम्हाला नाही माहीत? आईचा हात वरच्या फळीला कुठे पुरायचा? स्टुलावर चढायची आणि डावा हात तिथं टेकायची. कायम तिथंच. हाताला कधी तेल, कधी पीठ. किती घासलं तरी निघायचे नाहीत ते डाग."

त्याला खरंच माहीत नव्हतं. गावभरच्या भिंतींवरचा बारीकसा ओरखडा त्याला लांबून दिसे. आणि घरातल्या भिंतीवर बायकोची बोटं उमटलेली त्यानं कधी बघितली नाहीत, त्यांच्यावरून रोलर फिरवतानासुद्धा. त्याला फार वाईट वाटलं असणार. कळत मात्र नव्हतं.

घरी डाग वर येतोय, हे तिला सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते कसं सांगायचं, पहिलं वाक्य कुठलं, इथंच गाडी अडली.

"मी नाही केलं तर फवारा आणतील," तो म्हणाला. "प्लास्टरही राहणार नाही खाली."

"आणू दे फवारा. कुणीही येऊ दे. तुम्ही नको." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एकदा झालं ते झालं. तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं मी स्वतःला समजावते रोज. पण उद्या परत तुम्हीच तिच्यावर रंग मारलात, तर मला नाही समजावता येणार. मग मी नाही येणार घरी. फोनही नाही करणार. आत्ताच सांगून ठेवते."

ओट्याचा कोपरा तसाच ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी भिंतीपाशी लागली तेव्हा मुकादम आधीच येऊन उभा होता. ड्रायव्हरनं शिडी उतरवली. आज त्यालाही विनोद सुचत नव्हता. "घाई नको करू," असं काहीतरी तो पुटपुटला आणि गाडीत जाऊन बसला.

राखाडीनं भिंतीवरची पळी खिळ्यावरून काढून बाजूला ठेवली. खिळा उपसला, भोक बुजवलं. सगळं नियमाप्रमाणे. मग स्वतःच्या जेवणाच्या पिशवीत हात घालून त्यानं एक बाटली आणि फडकं काढलं.

"धुऊन घेतोयस ना आधी?" मुकादमानं लांबूनच विचारलं. एक डोळा फोनवर होता.

"हो, साहेब."

बाटलीत खाण्याचं तेल होतं. घरच्या फळीवर वर्षभर पडून खवट झालेलं, बायकोनंच भरून ठेवलेलं. राखाडीनं फडकं भिजवलं आणि शेगडीमागच्या डागावर घासायला सुरुवात केली. खाली रुंद, वर निमुळतं, डावीकडे झुकतं. प्लास्टर तेल पीत होतं. पिऊन संपलं की तो परत लावी. हात नेहमीसारखेच चालत होते, घाई न करता. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा काय मन लावून भिंत धुतोय.

मग तो शिडीच्या दोन पायऱ्या चढला. बाटलीचं उरलंसुरलं तेल तळहातावर ओतलं, चारी बोटं त्यात बुडवली आणि ठिपकीनं काढलेल्या ठशांवर टेकवली. त्याची बोटं बायकोच्या बोटांपेक्षा जाड होती. ठशांच्या बाहेर गेली. त्याला काही इलाज नव्हता. त्यानं हात दाबून धरला आणि मनात सावकाश आकडे मोजले, एखादा तुटका तुकडा डिंकानं चिकटवून धरल्यावर मोजावेत तसे.

"झालं का?" मुकादम ओरडला.

"झालं."

पहिला हात मारायला घेतला तेव्हा समोरच्या फुटपाथवर ठिपकी उभी असलेली त्याला दिसली. केव्हा आली होती कोण जाणे. तेल तिनं पाहिलं नसावं. तिच्या बाजूनं फक्त बापाची पाठ दिसत होती आणि त्याच्या रोलरखाली नळ जात होता, ओटा जात होता, पातेलं, रीळ, वाफ. त्यानं एकदा हात वर केला. हाक मारावी म्हणून की थांब म्हणून, त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही. वर केलेल्या हातात रोलर होता. ती वळली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

दुसरा हात वाळल्यावर मुकादमानं भिंतीवरून बोट फिरवलं आणि शाबासकी दिली.

ठिपकीचे फोन बंद झाले. तिनं सांगितलं होतं तसंच केलं. राखाडी कामावर जाई, भिंती झाकी, घरी येई. शेजारणीनं एकदा विचारलं, "लेक येत नाही वाटतं?" तर तो म्हणाला, "कामात असते." संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार उघडून तो बॅटरीच्या उजेडात फळीखालची भिंत बघे. शेगडीमागचा डाग दिसामाशी गडद होत होता, पण बोटांचे ठसे काही वर येत नव्हते. तेवढं तेल त्यांच्यात उरलंच नसणार. बायकोनं स्वतःच घासून घासून काढलेलं असणार, बिचारीनं. तरी तो रोज बघे.

गोदामाच्या भिंतीची बातमी मुकादमानंच आणली. तापला होता.

"अरे, तुझ्या भिंतीला पिवळा डाग आलाय! भला मोठा. रंग सुटायला लागलाय तिथला. सोडा मारला नव्हतास?"

"राहिला असेल."

"राहिला असेल? तुझा? नवीन पोरगं असतं तर मी समजू शकलो असतो. काय वय झालं का तुझं?"

"झालं असेल, साहेब."

कोपऱ्यातली पोरं खाली माना घालून हसत होती. राखाडीनं भांडवलासारखी जपलेली अब्रू होती ती, भिंतीच्या कामातली. ती गेली. त्यानं ती जाऊ दिली आणि ब्रश धुवायला घेतले.

त्यानंतर एका संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर ठिपकी. आत आली नाही, चपलाही काढल्या नाहीत.

"भिंत धुतली नव्हतीत तुम्ही?"

"कुठली?"

"गोदामाची."

"नाही."

"विसरलात?"

"नाही. तेल लावलं होतं."

जिन्यात कुणाचीतरी पावलं वाजली आणि वर निघून गेली. मग ती म्हणाली, "फळीखाली चार बोटं दिसायला लागलीत. मी काढली होती त्यापेक्षा मोठी आहेत."

"माझीच आहेत," राखाडी म्हणाला. "दुसरी कुठून आणू?"

तिनं तोंडावर हात घेतला. रडते की काय असं त्याला वाटलं, पण नाही. तिनं चपला काढल्या.

"घरचीसुद्धा धुतली नव्हती," तो तिच्या पाठीमागून म्हणाला. हेच ते पहिलं वाक्य होतं, गोदामापाशी सापडलं नव्हतं ते. "येऊन बघ."

ठिपकी शेगडीसमोर उभी राहिली. डागाला हात लावला नाही. आई उभी राही तिथंच, तशीच पाठमोरी, कितीतरी वेळ. राखाडी दारात उभा होता आणि त्याला वाटलं, आता काहीतरी होईल, छातीत काहीतरी हलेल. अगदी थोडं हललंही. पण त्याला नाव देण्याइतकं नाही.

"शेगडी चालते का?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. लावलीच नाही."

तिनं केसांतली पिन काढून बर्नरची भोकं साफ केली. दोनदा नुसता फुस्स आवाज आला, तिसऱ्यांदा पेटली. बाहेरच्या खोलीतल्या टोपलीत अंड्यांसोबत खायला आणलेले कांदे होते, ते तिनं उभे चिरले. तेलाची बाटली रिकामी बघून तिनं बापाकडे पाहिलं आणि तो मुकाट्यानं शेजारणीकडून वाटीभर तेल मागून घेऊन आला. कांदा तेलात पडला. धूर वर गेला आणि खिडकीकडे, डावीकडे झुकला.

"झाकण कुठंय?"

"वर."

तिनं स्टूल ओढलं आणि चढली. वरच्या फळीसाठी हात उंच केला आणि दुसरा हात आधार शोधत भिंतीकडे गेला. बोटं तेलानं माखली होती. ते लक्षात येऊन तिनं हात मागे घेतला आणि फडकं कुठे दिसतं का म्हणून खाली बघितलं.

"राहू दे," राखाडी म्हणाला. "तसाच टेक."

ठिपकीनं त्याच्याकडे पाहिलं. मग स्वच्छ राखाडी भिंतीवर तिनं आपली बोटं टेकवली. ती आईपेक्षा उंच होती, त्यामुळे तिचा हात जरा वरच पडला असणार. आईचा नेमका कुठे पडत असे, याचा दोघांना अंदाज होता, खात्री कुणालाच नव्हती.

राखाडीनं पुढे होऊन स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"मिळालं का झाकण?" त्यानं खालून विचारलं.

"मिळालं."

ती लगेच उतरली नाही. तोही स्टूल धरून उभा राहिला. कांदा जरा करपत होता.